पांढऱ्याहून पांढरं म्हणजे किती?

आजचा विषय वरवर पाहता शाळकरी आहे. इंग्रजीच्या तासाला आपण सगळ्यांनीच घोकलंय : व्हाइट, व्हाइटर, व्हाइटेस्ट. रेडला शेवटचं अक्षर दोनदा लिहून रेडर, रेडेस्ट. ऑरेंज आलं की सहसा मोर आणि मोस्ट. एवढं पाठ झालं की गुण मिळायचे. पण एक प्रश्न राहून जातो. रंग कमी-जास्त असतो म्हणतो, तेव्हा आपण नेमकं काय मोजतो?

प्रश्न जुना आहे. ॲरिस्टॉटल ‘कॅटेगरीज’मध्ये सांगतो, की एक वस्तू दुसरीपेक्षा अधिक पांढरी असू शकते, त्रिकोण मात्र दुसऱ्यापेक्षा अधिक त्रिकोण नसतो. आपल्याकडे पाणिनीने पाचव्या अध्यायात तर आणि तम या प्रत्ययांची व्यवस्था लावली. त्यामुळे संस्कृतात शुक्लतर, शुक्लतम सहज होतं. म्हणजे रंग हा गुण असून त्याला पायऱ्या असतात, यावर ग्रीस आणि भारत या दोन्हीकडचे विचारवंत सहमत दिसतात.

आता मराठीकडे येऊ. 1795 साली लिंडले मरे यांचं इंग्रजी व्याकरण निघालं आणि जगभर शिकवलं गेलं. आपले दादोबा पांडुरंग तर्खडकर यांनी 1836 साली मराठीचं व्याकरण छापलं, तेव्हा त्यांच्यासमोर तो इंग्रजी साचा होता. पण मराठी त्या साच्यात पुरती बसत नाही. ‘पांढरतर’ असं कोणी म्हणत नाही. आपण ‘पेक्षा’, ‘हून’, ‘सर्वांत’ लावून काम भागवतो. विशेषण आहे तसंच राहतं.

गंमत खालच्या पायऱ्यांवर आहे. मरे यांनी ब्लॅकिश या रूपाची दखल घेतली होती : मूळ गुणापेक्षाही खालची ही एक पायरी, असं त्यांचं म्हणणं. इंग्रजीत हा एक प्रत्यय. मराठीत बघा : काळसर, काळपट, लालसर, तांबूस, पिवळट, हिरवट, पांढुरका. आणि हे एकाच अर्थाचे नाहीत हं! पिवळसर चालेल, पिवळट म्हटलं की नाक मुरडलेलं असतं.

वर चढताना मराठी वेगळाच रस्ता धरते. पांढराशुभ्र, काळाभोर, लालभडक, हिरवागार, पिवळाधमक, निळाशार. शुभ्र म्हणजे पांढराच, आणि पिवळाजर्दमधला फारसी जर्द म्हणजे पिवळाच. एकच गोष्ट दोन भाषांत सांगून रंग गडद केला. करड्याला किंवा तपकिरीला मात्र असा हक्काचा जोडीदार नाही. इंग्रजीत प्रत्यय लागणार की नाही हे मुख्यतः शब्दाच्या लांबीवर ठरतं. मराठीत रंगाशी आपला घरोबा किती, यावर ठरत असावं, असं मला वाटतं.

आणि हे शब्द तुलना करत नाहीत. डोळे काळेभोर, अंधार काळाकुट्ट. अदलाबदल करून पाहा, जमत नाही. चेहरा रागाने लालबुंद, पोपटाची चोच लालचुटुक. इथे दुसरी वस्तू शेजारी नाहीच. ती वस्तू आपल्या रंगात पूर्ण भरली आहे, एवढंच सांगणं आहे. इंग्रजीचं तमरूप शिडीचं शेवटचं टोक दाखवतं. मराठीचा जोडशब्द भरलेला घडा दाखवतो.

मग तुलना वाईट का? अजिबात नाही. आपण बसलोय त्या नायगावातच स्प्रिंग मिल होती, बॉम्बे डाइंगची. नवरोजी वाडिया यांनी 1879 साली ही कंपनी सुरू केली ती सूत रंगवण्यापासून. नावातच रंगाई आहे. रंगाईच्या धंद्यात तुलनेशिवाय पान हलत नाही. पण तिथे नमुना हातात असतो. कापड नमुन्याशेजारी धरायचं, तेही ठरावीक उजेडात, कारण एका दिव्याखाली जुळलेले दोन रंग दुसऱ्या दिव्याखाली जुळत नाहीत. नमुना, उजेड आणि काम, ही तीन ठरलेली असली की ‘जरा फिका आहे’ या वाक्याला अर्थ येतो.

हीच शिडी माणसाच्या कातडीला लावली की काय होतं? इंग्रजीत फेअर म्हणजे मुळात सुंदर. उजळ कांतीचा अर्थ नंतर चिकटला, आणि न्याय्य हा अर्थही त्याच शब्दात आहे. हिंदुस्तान लिव्हरने 1975 साली गोरेपणाचं क्रीम बाजारात आणलं, त्याच्या नावात हाच शब्द होता. तो 2020 मध्ये काढला गेला, क्रीम राहिलं. आपल्या लग्नाच्या जाहिराती पाहा : गोरी, निमगोरी, गव्हाळ, सावळी. रंगाची अशी बारीक पायरी-पायरी मराठीत दुसऱ्या कुठल्या वस्तूसाठी सहसा सापडत नाही. आणि विठोबाला सावळा म्हणून डोक्यावर घेणारे आपणच.

रंगाईत नमुना समोर असतो, म्हणून तुलना प्रामाणिक राहते. मुलगी पाहताना नमुना कोणाचा, हे कोणी सांगत नाही. तरी ती नापास होते. व्याकरण इथे आपल्या मदतीला येतं. तररूपाला ‘पेक्षा’ लागतो, हा नियम शाळेत पाठ केलाय ना? मग पुढच्या वेळी कोणी ‘मुलगी रंगाने जरा डावी आहे’ म्हटलं, की शांतपणे विचारा : कोणापेक्षा? कुठल्या उजेडात? आणि कशासाठी? तिसऱ्या प्रश्नाचं उत्तर बहुतेक वेळा येणार नाही.

इथे थांबतो. आता तुमचे प्रश्न घेऊ.