मिरचीवरचा आळ

गोडादरा, लिंबायत, डिंडोली हा सुरतेचा पट्टा म्हणजे खानदेशाचाच वाढलेला पदर. जळगाव, धुळे, नंदुरबारहून आलेली माणसे इथे यंत्रमागावर आणि साड्यांच्या कामात राबतात. शौचाला रक्त पडले किंवा आग झाली, की घरीच निदान होते : उष्णता वाढली, मूळव्याध झाली, ठेचा बंद. त्याने भागले नाही तर ‘हरस, मसा, भगंदर, विना ऑपरेशन’ अशा पाट्या आहेतच. सगळा दोष मिरचीला देणारे हे मत मला मान्य नाही, आणि ते निरुपद्रवीही वाटत नाही.

पूर्वपक्षाला अनुभवाचा आधार आहे. तिखट खाल्ले की दुसऱ्या दिवशी आग होते, हे खरेच. मिरचीतले कॅप्सायसिन उष्णता जाणणाऱ्या मज्जातंतूंनाच चेतवते; त्या तंतूंवरचा कॅप्सायसिनचा ग्राहक (रिसेप्टर) शोधल्याबद्दल डेव्हिड ज्युलियस यांना 2021चे नोबेल मिळाले. पण आग होणे वेगळे आणि रोग होणे वेगळे. 2006 मध्ये इटलीत अल्तोमारे आणि सहकाऱ्यांनी मूळव्याधीच्या रुग्णांना मिरचीच्या आणि बनावट कॅप्सूल आलटून-पालटून दिल्या. त्रासात फरक पडला नाही. नागपूरचे शल्यचिकित्सक डॉ. प्रवीण गुप्ता यांनी 2008 मध्ये फिशरच्या, म्हणजे गुदद्वाराच्या चिरेच्या, रुग्णांवर तशीच चाचणी प्रसिद्ध केली, तेव्हा मात्र मिरचीने त्रास वाढलेला दिसला. दोन्ही निष्कर्ष खरे असू शकतात, कारण हे दोन रोग आहेत.

मूळव्याधीच्या उशा प्रत्येकाला जन्मतःच असतात. रक्तवाहिन्यांनी भरलेल्या या मऊ गाद्या गुदद्वार घट्ट मिटायला मदत करतात. कुंथून कुंथून त्यांचा आधार सैल होतो आणि त्या खाली घसरतात, हे थॉमसन यांनी 1975 मध्ये दाखवले. आतल्या कोंबातून लालभडक रक्त पडते, पण बहुधा दुखत नाही. तिथे वेदनेचे तंतू नसतात, म्हणूनच उपचारासाठी तिथे रबरबँड लावता येतो. फिशरची चीर बहुतेक वेळा मागच्या बाजूला, खड्यासारख्या मळाने पडलेली. काच फिरल्यासारखी कळ येते आणि शौचानंतर तासन्‌तास राहते. दुखण्याने आतला स्नायू आवळतो, तिथला रक्तपुरवठा घटतो, चीर भरत नाही. मग माणूस भीतीने शौच टाळतो, मळ आणखी कडक होतो आणि चीर पुन्हा उघडते. ताज्या चिरेला कोमट पाण्यात बसणे आणि इसबगोल पुष्कळदा पुरते. जुनाट असेल तर स्नायू सैल करणारे डिल्टियाझेमचे मलम, आणि तेही हरले तर स्नायूला छोटासा छेद. एकाच नावाखाली दोघांना एकच पुडी देणारा दोघांपैकी एकाला तरी फसवतोच.

‘आयुर्वेदात उष्णताच सांगितली आहे,’ असा दुसरा आक्षेप येतो. पित्तज अर्शाच्या, म्हणजे मूळव्याधीच्या, कारणांत तिखट-आंबट येते, हे कबूल. पण चरकाची यादी तिथे थांबत नाही. कठीण आसन, जोराने कुंथणे, आलेला वेग अडवणे हेही त्यात आहे. सुश्रुताने तर औषध, क्षार, अग्निकर्म आणि शस्त्र असे चार उपाय दिले. ग्रंथांतून फक्त तिखट उचलायचे आणि शस्त्र विसरायचे, हा ग्रंथांवरही अन्याय आहे.

चरकाची ती कारणे कामगारवस्तीत शोधावी लागत नाहीत. बारा तासांची पाळी, माग सोडून उठायची चोरी, सामायिक संडासाबाहेरची रांग, म्हणून मुद्दाम कमी प्यायलेले पाणी. गावची कळण्याची भाकरी सुटून सकाळ चहा-बिस्किटावर निघते, तिथे चोथा कुठून येणार? 2005च्या कॉक्रेन आढाव्यात चोथ्याने मूळव्याधीचा रक्तस्राव सुमारे निम्म्याने घटल्याचे दिसले. ठेचा सोडलेल्या माणसाचे हे सगळे जसेच्या तसे राहते. मग ऑपरेशनही ‘पुन्हा उलटते’ आणि बोल डॉक्टरला लागतो.

सर्वात घातक भाग पुढे आहे. मलाशयाच्या कर्करोगातही रक्तच पडते. ‘उष्णता’ म्हणून महिनोन्‌महिने मलम चोळत बसले, की तेवढा काळ गाठ वाढत राहते. चाळिशीनंतर पहिल्यांदा रक्त पडणे, शौचाची सवय बदलणे, वजन घटणे, अंगातले रक्त कमी होणे, यांपैकी काहीही असले तर सुरतेचे स्मीमेर किंवा नवे सिव्हिल रुग्णालय गाठावे. बोटाने आणि प्रॉक्टोस्कोपने होणारी पहिली तपासणी काही मिनिटांची असते. बाळंतपणानंतर फिशर झालेल्या बायका लाजेपोटी ती टाळतात. त्यांनी महिला डॉक्टर निःसंकोच मागावी.