खाकी रंगाखालचा इतिहास

दसरा उलटला की घरोघर माळे रिकामे होऊ लागतात. समया, तपेली, घंगाळी खाली उतरतात आणि चिंच-मिठाने घासून लख्ख होतात. आमच्या लहानपणी अशाच एका साफसफाईत पितळेचा एक तांब्या निघाला. त्याला एका अंगाला मोठा पोचा होता. तांबटाकडून तो काढून घ्यावा, असे सर्वांचे मत पडले. आजी तेवढी म्हणाली, "घासा हवा तेवढा, पण पोचा राहू द्या. तुमच्या आजोबांच्या हातून तो आडात पडला होता."

जुनी वस्तू पुन्हा उभी करताना काय पुसायचे आणि काय राखायचे, हा प्रश्न आजीने एका वाक्यात सोडवला. तोच प्रश्न इंग्लंडात पुष्कळांना अनेक वर्षे छळतो आहे, तो मात्र महायुद्धातल्या मोटारसायकलींच्या बाबतीत.

मोटारसायकलीचे लष्करात काय काम, असे कुणी विचारील. आपल्या इतिहासात जासूद आणि सांडणीस्वार होते ना, त्यांचेच हे काम. तार तुटते, बिनतारी संदेश शत्रूच्या कानी पडतो, पण स्वाराच्या पिशवीतला कागद थेट हाती पोचतो. पहिल्या महायुद्धात ट्रायंफ कारखान्याने 'मॉडेल एच' नावाच्या सुमारे ३०,००० गाड्या सैन्याला पुरवल्या. स्वारांनी तिचे नाव ठेवले 'ट्रस्टी', म्हणजे भरवशाची.

१९३९ साली पुन्हा युद्ध पेटले तेव्हा मागणी कित्येक पटींनी वाढली. बर्मिंगहॅमच्या बंदूककारांनी १८६१ साली काढलेली बी.एस.ए. ही कंपनी आता मोटारसायकलीही बनवीत होती. तिच्या 'एम-२०' या एकाच नमुन्याच्या सव्वा लाखाहून अधिक गाड्या युद्धकाळात बाहेर पडल्या. एकच सिलिंडर, ४९६ घनसेंटिमीटरचे इंजिन, जेमतेम तेरा अश्वशक्ती. दिसायला बोजड, धावायला मंद. पण चिखलात, वाळूत, अर्धशिक्षित हातांतही ती चालत राही, आणि लष्कराला हवे होते ते एवढेच. नॉर्टनच्या '१६-एच'चा आकडाही लाखाच्या जवळ गेला. रॉयल एन्फील्डने तर १२५ घनसेंटिमीटरची एक चिमुकली गाडी केली. नळ्यांच्या पिंजऱ्यात बसवून ती हवाई छत्रीने विमानातून खाली सोडत. तिचे लाडके नाव 'उडती पिसू'!

या गाड्यांची किंमत केवळ पौंडांत मोजली गेली नाही. १४ नोव्हेंबर १९४० च्या रात्री कॉव्हेंट्रीवर बाँबवर्षाव होऊन ट्रायंफचा कारखाना जमीनदोस्त झाला. पाचच दिवसांनी बी.एस.ए.च्या स्मॉल हीथ येथील कारखान्यावर बाँब पडले आणि रात्रपाळीचे ५३ कामगार ढिगाऱ्याखाली गेले. कारखाना तरीही पुन्हा चालू झाला.

युद्ध संपले. लाखो गाड्या अकस्मात निरुपयोगी झाल्या आणि 'डिस्पोजल'च्या मालात मिळेल त्या भावाने विकल्या गेल्या. ज्याने घेतली त्याने खाकीवर काळा-तांबडा रंग फासला, दिवा बदलला, आणि तिच्यावरून कामाला जाऊ लागला. लष्करी खूण नाहीशी झाली. म्हणूनच आज अशी गाडी हाती आली की पहिले काम पान्याचे नसते, भिंगाचे असते.

प्रथम पाहायचे ते आकडे. फ्रेमवर एक क्रमांक ठोकलेला असतो, इंजिनावर दुसरा. एम-२० च्या फ्रेमवर 'डब्ल्यू-एम-वीस' ही अक्षरे दिसली की गाडी लष्करासाठी घडली, हे ठरले. त्यावरून कारखान्याच्या पाठवणीच्या वह्या धुंडाळायच्या. १९४६ साली स्थापन झालेल्या व्हिंटेज मोटरसायकल क्लबने अशा अनेक वह्या जपल्या आहेत. त्यांतून कोणत्या करारातली गाडी, कधी बाहेर पडली, हे उलगडते. टाकीवर 'सी' अक्षराने सुरू होणारा लष्करी क्रमांक रंगवलेला असे. तो सापडणे म्हणजे जन्मपत्रिकाच सापडणे. पण १९४९ साली लष्कराने क्रमांकांची पद्धत पालटली आणि जुन्या आकड्यांवर नवे चढले.

आणखी एक घोळ असतो. लष्करी वर्कशॉपात दुरुस्तीला आलेल्या गाड्या पार सुट्या करीत आणि हाती येईल ते इंजिन हाती येईल त्या फ्रेमवर चढवीत. त्यामुळे दोन्ही आकडे जुळत नाहीत म्हणून गाडी खोटी ठरत नाही. उलट, ती खरोखर युद्धातून गेली याचीच ती साक्ष असते.

मग रंग. शेंदराची खोळ गळून पडली की आतून जुनी मूर्ती दिसते, हे आपण ऐकले आहे. येथेही तसेच. बारीक पॉलिश-कागदाने एक एक थर हलकेच उतरवायचा. वर नागरी रंग, त्याखाली युद्धोत्तर काळचा गडद हिरवा, मग १९४४ नंतरचा ऑलिव्ह, त्याखाली मधल्या वर्षांतला तपकिरी, आणि तळाशी युद्धारंभीचा खाकी-हिरवा. रुपयाएवढ्या जागेत सारे युद्ध वर्तुळावर्तुळांनी उलगडते.

साधी मूठही बोलते. १९४२ च्या आरंभी मलाया जपानच्या हाती गेला आणि ब्रिटनचा रबराचा पुरवठा तुटला. लगेच पायटे उघड्या लोखंडाचे झाले आणि हँडलच्या मुठींवर रबराऐवजी कॅनव्हास आला. सिंगापूर पडल्याची बातमी अशी थेट स्वाराच्या तळहाताला जाणवली! आज कुणी हौसेने १९४३ च्या गाडीला नवी रबरी मूठ चढवतो, तेव्हा शोभा वाढते खरी, पण इतिहासातला एक शब्द खोडला जातो.

जोडणीचे काम चिकाटीचे. येथे आपले मिलिमीटरचे पाने चालत नाहीत. काही आटे व्हिटवर्थचे, पंचावन्न अंशांचे. काही सायकलींचे, साठ अंशांचे आणि इंचाला सव्वीस. चुकीचा पाना लावला की नटाचे कोपरे गेलेच म्हणून समजा.

आता एक गोष्ट सांगतो, ती कोणत्याही वहीत नाही. १९३५ च्या मे महिन्यात 'अरबस्तानचा लॉरेन्स' मोटारसायकलीवरून पडला आणि सहा दिवसांनी वारला. त्याला तपासणाऱ्यांत ह्यू केर्न्स नावाचे मेंदूचे शल्यविशारद होते. तो मृत्यू त्यांच्या मनातून गेला नाही. युद्ध सुरू झाल्यावर काळोखात दिवे झाकून धावणारे स्वार पटापट मरू लागले. पहिल्या २१ महिन्यांत ब्रिटनच्या रस्त्यांवर २,२७९ मोटारसायकलवाले दगावले, बहुतेक डोक्याच्या इजेने. केर्न्सना शिरस्त्राण घातलेले जखमी सातच आढळले, आणि ते सातही वाचले. १९४१ साली त्यांनी हे प्रसिद्ध केले, आणि त्याच नोव्हेंबरात लष्करी स्वारांना शिरस्त्राण सक्तीचे झाले. ब्रिटनच्या नागरिकांना ती सक्ती १९७३ साली झाली. ती पाहायला केर्न्स नव्हते. ते १९५२ सालीच गेले होते.

आपल्याकडे हे सारे परके वाटायला नको. रेडिचच्या रॉयल एन्फील्डची 'बुलेट' आपल्या सैन्याने स्वीकारली, १९५५ साली मद्रासला तिची कंपनी उभी राहिली, आणि मूळ इंग्लिश कारखाने बंद पडल्यावरही बुलेट येथे बनत राहिली.

म्हणून, वाचकहो, उभी केलेली लष्करी गाडी आरशासारखी चकाकत असेल तर जाणकार हळूच मान फिरवतो. ती कारखान्यातूनही तशी निघाली नव्हती. चाके फिरावीत, ब्रेक लागावा, ठिणगी पडावी, एवढे नवे करावे. पण टाकीवरचा पोचा कुणाच्या तरी गुडघ्याचा असेल, कुठल्या तरी काळोख्या रस्त्यावरचा असेल. त्या स्वाराचे नाव आपल्याला ठाऊक नाही. त्याची तेवढीच सही उरली आहे.

आमचा तांब्या अजून आहे. यंदाही तो घासला. पोच्यात चिंच जरा जास्त भरावी लागते, एवढेच.