'ऑब्लेट' म्हणजे लंबगोल नव्हे

वर्गांत 'ऑब्लेट' या इंग्रजी विशेषणाचा अर्थ विचारला असतां 'लंबगोल' हें उत्तर आम्हीं इतक्या वेळां ऐकलें आहे कीं, आतां त्याचा रागही येत नाहीं. वस्तुतः अर्थ नेमका उलट आहे. आंसाच्या दोन्ही टोकांशीं दबलेला व मध्यें फुगलेला गोल तो ऑब्लेट. आंसाच्या दिशेनें ताणलेला तो प्रोलेट. एक संत्र्याच्या घाटाचा, दुसरा लिंबाच्या. पृथ्वीस 'लंबगोल' म्हणणारा विद्यार्थी नकळत न्यूटनला सोडून कासिनीच्या पक्षास मिळतो. आणि हा पक्षभेद एके काळीं लहान नव्हता.

सन १६७२ मध्यें रीशे हा फ्रेंच ज्योतिषी विषुववृत्ताजवळील कायेन येथें गेला, तेव्हां पॅरिसला बरोबर चालणारें त्याचें लंबकाचें घड्याळ रोज सुमारें अडीच मिनिटें मागें पडूं लागलें. तेथें गुरुत्वाकर्षण किंचित् कमी, असा याचा अर्थ. फिरणारी पृथ्वी विषुववृत्तापाशीं फुगलीच पाहिजे, असें न्यूटननें १६८७ सालीं 'प्रिन्सिपिआ' ग्रंथांत गणितानें दाखविलें. उलट झाक कासिनीनें फ्रान्समधील मोजणीवरून ती ध्रुवांकडे लांबट ठरविली. कसोटी मात्र सोपी होती: पृथ्वी ध्रुवांकडे चपटी असेल, तर तेथें अक्षांशाचा एक अंश अधिक लांब भरला पाहिजे.

फ्रेंच अकादमीनें १७३५ सालीं एक मंडळी पेरूकडे व पुढील वर्षीं दुसरी लापलंडांत धाडली. दुसरीचा नायक मोपर्त्वी १७३७ सालीं परतला. अंश लांब भरला होता! त्याच्या मोजणींत बरीच चूक होती हें पुढें उघडकीस आलें, परंतु निर्णय खराच ठरला. स्वारीनें मग पृथ्वीचा गोल हातानें दाबीत असलेलें आपलें चित्रही काढवून घेतलें. आजच्या मापानें विषुववृत्तीय त्रिज्या ६३७८ व ध्रुवीय ६३५७ किलोमीटर. शाळेंतील ३० सेंटिमीटर व्यासाच्या गोलावर हा फरक जेमतेम एक मिलिमीटर होईल. संत्र्याची उपमाही तशी अतिशयोक्तीच.

या मिलिमीटराच्या शोधांत आपल्या मुलुखाचाही वांटा आहे. लॅम्बटननें १८०२ सालीं मद्रासेस आधाररेषा मोजून दक्षिणोत्तर मोजणी आरंभिली, तींत नकाशांइतकाच पृथ्वीचा आकार ठरविण्याचा हेतु होता. १८२३ सालीं हैदराबादेहून नागपुरास जात असतां तो हिंगणघाट येथें वारला. त्याची कबर तेथेंच आहे. निदान वर्धा जिल्ह्यांतील मुलांनीं तरी पृथ्वीस लंबगोल म्हणूं नये, असें आम्हांस फार वाटतें. त्याचें काम एव्हरेस्टनें पुढें चालविलें आणि १८३० सालीं चपट्या गोलाचीं जीं मापें प्रसिद्ध केलीं, त्यांवरच हिंदुस्थानचे नकाशे पुढें दीर्घकाळ आंखले गेले.