धावत्या दुचाकीवरचा स्थिर कॅमेरा

पावसाळ्यात ताम्हिणी किंवा वरंध घाटात जाणाऱ्या दुचाकीस्वारांच्या हेल्मेटवर अथवा हँडलवर मुठीत मावेल एवढा कॅमेरा हल्ली हमखास दिसतो. धुके, वळणे, धबधबे सारे काही त्यात टिपले जाते. मात्र घरी येऊन चित्रण संगणकावर पाहिले की अनेकांची निराशा होते. रस्ता जेलीसारखा थरथरत असतो आणि आवाजाच्या नावाखाली नुसता वारा घोंघावत असतो. अशा वेळी दोष कॅमेऱ्याला दिला जातो. प्रत्यक्षात बहुतेकदा चुकलेली असते ती कॅमेरा बसवण्याची जागा.

हादरे दोन प्रकारचे

ॲक्शन कॅमेरा घरोघरी पोहोचवला तो अमेरिकेतील गोप्रो कंपनीने. निक वुडमन यांनी २००२ मध्ये स्थापन केलेल्या या कंपनीचा २००४ मधील पहिला कॅमेरा ३५ मिलिमीटर फिल्मवर चालत असे आणि समुद्राच्या लाटांवर स्वार होणाऱ्यांच्या मनगटाला बांधला जाई. मोटारसायकलची गोष्ट वेगळी आहे, कारण येथे कॅमेऱ्याला दोन प्रकारचे हादरे सोसावे लागतात.

खड्डे आणि गतिरोधक यांचे धक्के मोठे, पण संथ असतात. कॅमेऱ्यातील जायरो सेन्सर ही हालचाल मोजतो आणि चित्राच्या कडा थोड्या कापून प्रत्येक फ्रेम जागेवर आणली जाते. २०१८ च्या हीरो ७ ब्लॅकमध्ये आलेली ‘हायपरस्मूथ’ सुविधा याच तत्त्वावर चालते.

इंजिनाची थरथर मात्र बारीक आणि अतिवेगवान असते. मिनिटाला ६,००० फेरे घेणारे इंजिन सेकंदाला १०० वेळा फिरते. कॅमेऱ्याचा सेन्सर चित्र एकदम न टिपता वरून खाली ओळीओळीने वाचतो. तेवढ्या क्षणात कॅमेरा हलला तर एकाच फ्रेममधील ओळी परस्परांशी जुळत नाहीत आणि चित्र लाटांसारखे वाकते. हा दोष चित्र टिपतानाच शिरत असल्याने पुढे तो पूर्णपणे काढता येत नाही. बॅलन्सर शाफ्ट नसलेल्या एक सिलिंडरच्या गाड्यांवर हा त्रास अधिक जाणवतो.

जागा कोणती निवडावी?

फुल फेस हेल्मेटचा हनुवटीकडील भाग सर्वात सोयीचा ठरतो. हात, पाठ आणि मान इंजिनाची थरथर वाटेतच शोषून घेतात. शिवाय चित्र डोळ्यांच्या उंचीवरून मिळते. छातीच्या पट्ट्यावर लावलेल्या कॅमेऱ्यातही थरथर कमी असते आणि हँडल व हातही दृश्यात येतात. हँडल आणि लेग गार्ड या जागा आकर्षक दिसल्या तरी तेथे थरथर थेट पोहोचते. तेथेच कॅमेरा लावायचा असेल तर धातूची घट्ट पकड, शक्य तितका आखूड दांडा आणि मध्ये रबरी थर ठेवावा. दांडा जितका लांब आणि सांधे जितके अधिक, तितकी थरथर वाढते.

चिकटपट्टीचा माउंट लावताना पृष्ठभाग आधी स्वच्छ करून कोरडा करावा आणि वापरापूर्वी २४ तास जाऊ द्यावेत. बाकदार भागावर सपाट पट्टी टिकत नाही. गाडीवर लावलेल्या कॅमेऱ्याला सुरक्षा दोरी बांधणे आवश्यक आहे. वेगात निसटलेला कॅमेरा मागून येणाऱ्याच्या अंगावर जाऊ शकतो.

प्रकाश आणि आवाज

सायंकाळी कमी प्रकाशात शटर मंदावते आणि प्रत्येक फ्रेम पुसट होते. स्थिरीकरणाने फ्रेम जुळतात, पण पुसटपणा तसाच राहतो. म्हणून चांगले चित्रण भरपूर उजेडातच होते. आवाजासाठी स्वतंत्र मायक्रोफोन फोमच्या आवरणासह हेल्मेटच्या आत बसवल्यास वाऱ्याचा घोंगाट बराच कमी होतो.

कॅमेऱ्याऐवजी मोबाइल हँडलला लावणाऱ्यांनीही सावध राहावे. मोटारसायकलच्या इंजिनाच्या तीव्र थरथरीमुळे आयफोनच्या कॅमेऱ्यातील स्थिरीकरण आणि ऑटोफोकस यंत्रणा बिघडू शकते, असा इशारा ॲपलने २०२१ मध्ये दिला होता.

आधी डोके, मग दृश्य

हेल्मेटचे कवच गुळगुळीत असते, ते पडल्यावर रस्त्यावरून घसरावे म्हणून. त्यावर बसवलेला कठीण तुकडा अडकला तर मानेला हिसका बसू शकतो. कवचाला भोक पाडल्यास त्याची ताकदच कमी होते. त्यामुळे स्क्रूऐवजी पट्ट्याचा, जोर बसताच सुटणारा माउंट त्यातल्या त्यात बरा. केरळच्या मोटार वाहन विभागाने २०२२ मध्ये हेल्मेटवरील कॅमेऱ्यांविरुद्ध कारवाईचा पवित्रा घेतला होता, हेही ध्यानात ठेवावे. ज्यांना ही जोखीम नको, त्यांच्यासाठी छातीचा पट्टा हा उत्तम पर्याय आहे.

लांबच्या सहलीला निघण्यापूर्वी घराजवळच्या रस्त्यावर दहा मिनिटे चित्रण करून ते मोठ्या पडद्यावर पाहावे. चौकोनी खांब वाकडे दिसले तर जागा बदलावी. कॅमेऱ्याची बटणे मात्र गाडी थांबवूनच दाबावीत.