ज्वारी-सुदान गवत

ज्वारी-सुदान गवत हे ज्वारी (सॉर्गम बायकलर) आणि सुदान गवत यांच्या संकरातून तयार केलेले एक हंगामी चारापीक आहे. उंच वाढ, भरपूर फुटवे, पाण्याचा ताण सहन करण्याची क्षमता आणि कापणीनंतर पुन्हा फुटण्याचा गुण यांमुळे ते उष्ण व निमकोरड्या प्रदेशांत हिरवा चारा, मुरघास, चराई आणि वाळवलेली वैरण यांसाठी घेतले जाते. अमेरिकेच्या संयुक्त संस्थानांतील मैदानी राज्यांत त्याची लागवड मुख्यतः गाई-बैलांच्या वाळलेल्या वैरणीसाठी होते. भारतात ते बहुतांशी बहुकापणीचा हिरवा चारा म्हणून परिचित आहे.

या पिकात जनावरांना अपायकारक ठरू शकणारी दोन द्रव्ये आढळतात : हायड्रोसायनिक आम्ल आणि नायट्रेट. वैरण वाळवल्याने पहिल्याचे प्रमाण बरेच घटते, दुसऱ्याचे मात्र जवळजवळ तसेच राहते. त्यामुळे पेरणी, खते, कापणीची वेळ आणि वाळवण यांविषयीचे निर्णय केवळ उत्पन्नाशी नव्हे, तर जनावरांच्या सुरक्षिततेशीही निगडित असतात.

## वर्गीकरण व नाव

ज्वारी आणि सुदान गवत या दोन्हींच्या पेशींत २० गुणसूत्रे असतात व त्यांचा संकर सहज होतो. सुदान गवताला पूर्वी सॉर्गम सुदानेन्स हे स्वतंत्र जातिनाम होते. आता ते व त्याचे संकर सॉर्गम ड्रमंडाय या नावाखाली गणले जातात. याच प्रजातीतील जॉन्सन गवत (सॉर्गम हॅलेपेन्स) हे मात्र ४० गुणसूत्रांचे बहुवर्षायू तण असून जमिनीखालील खोडांद्वारे पसरते. ज्वारी-सुदान गवताला अशी भूमिगत खोडे नसतात.

## इतिहास

विसाव्या शतकाच्या प्रारंभी अमेरिकेच्या कृषी विभागातील गवततज्ज्ञ चार्ल्स व्हँकूवर पायपर हे भूमिगत खोडे नसलेल्या, जॉन्सन गवतासारख्या चारापिकाच्या शोधात होते. १९०९ मध्ये त्यांना खार्टूम येथून सुदान गवताचे थोडे बियाणे मिळाले. सुदानमध्ये हे गवत ‘गरावी’ या नावाने ओळखले जाई. टेक्सासमधील चिलिकोथी येथील प्रक्षेत्रावर त्याची चाचणी झाली. कमी पावसातही त्याने चांगली वैरण दिल्यामुळे पुढील काही वर्षांतच ते दक्षिणेकडील मैदानी प्रदेशात पसरले.

संकरित बियाण्याचे व्यापारी उत्पादन मात्र बऱ्याच काळानंतर शक्य झाले. ज्वारीच्या एकाच फुलात पुंकेसर व स्त्रीकेसर दोन्ही असल्याने मोठ्या प्रमाणावर संकर करणे अवघड होते. १९५४ मध्ये टेक्सासमधील स्टीफन्स व हॉलंड यांनी पेशीद्रव्यजन्य नर-वंध्यत्वाचा उपयोग दाखवून दिल्यावर ही अडचण दूर झाली. तेव्हापासून नर-वंध्य ज्वारी ही मादी आणि सुदान गवत हा नर धरून संकरित बियाणे तयार केले जाते. संकराच्या दुसऱ्या पिढीत गुणधर्म विखुरतात. त्यामुळे शेतकऱ्याला दरवर्षी नवे बियाणे घ्यावे लागते.

## वैशिष्ट्ये

हे पीक अनुकूल स्थितीत दोन मीटरहून अधिक उंच वाढते. त्याची धाटे सुदान गवतापेक्षा जाड, पण ज्वारीपेक्षा बारीक असतात. मुळे तंतुमय व खोल जाणारी असून पानांवर मेणाचा थर असतो. पाण्याचा ताण पडल्यास वाढ थांबते व पाऊस येताच पुन्हा सुरू होते.

काही वाणांत ‘तपकिरी मध्यशीर’ हा गुण आणलेला असतो. अशा झाडांत लिग्निनचे प्रमाण कमी असल्याने वैरण अधिक पचते. तथापि काही वाण लोळण्याची शक्यता वाढते. प्रकाशकाल-संवेदी वाण दिवसमान पुरेसे लहान होईपर्यंत निसवत नाहीत. त्यामुळे त्यांची कापणी लांबली तरी प्रत तुलनेने हळू घसरते.

## लागवड

### जमीन व हवामान

पाण्याचा निचरा होणाऱ्या बहुतेक जमिनींत हे पीक येते. चुनखडीयुक्त जमिनीत लोहाची कमतरता जाणवून पाने पिवळी पडतात. थंडी त्याला मुळीच मानवत नाही. पेरणीच्या थरातील जमिनीचे तापमान किमान १६ ते १८ अंश सेल्सिअस झाल्यावरच पेरणी करतात, कारण थंड जमिनीत उगवण विरळ होते आणि तणे पुढे जातात. अमेरिकेच्या मध्य मैदानी प्रदेशात ही वेळ साधारणतः मेच्या उत्तरार्धात येते.

### पेरणी

बियाणे वाफशावर २ ते ४ सेंटिमीटर खोल पेरतात. कोरडवाहू क्षेत्रात पेरणी यंत्राने हेक्टरी सुमारे २५ ते ३५ किलोग्रॅम बियाणे पुरते. ओलिताखाली व फोकून पेरताना ते वाढवतात. वैरण वाळवायची असल्यास दाट व जवळच्या ओळींत पेरणी करण्याचे विशेष कारण आहे : दाट पिकात धाटे बारीक राहतात आणि बारीक धाटे लवकर वाळतात. कोरडवाहू जमिनीत मात्र अति दाट पेरणीमुळे ओलावा लवकर संपतो व पिकाला ताण बसतो.

### खते

पीक नत्राला उत्तम प्रतिसाद देते. अमेरिकेत पेरणीच्या वेळी आणि पुढील फूट अपेक्षित असल्यास प्रत्येक कापणीनंतर हेक्टरी सुमारे ४५ ते ७० किलोग्रॅम नत्र देण्याची पद्धत आढळते. प्रत्यक्ष मात्रा माती परीक्षण व उपलब्ध पाणी यांवर ठरते. संपूर्ण हंगामाचे नत्र एकाच वेळी दिल्यास झाडात नायट्रेट साठण्याचा धोका वाढतो. शेणखताचा मोठा हप्ता दिलेल्या जमिनीतही हाच धोका संभवतो.

### तणे व किडी

वाढीच्या पहिल्या काही आठवड्यांनंतर पीक स्वतःच तणांना झाकोळते. ज्वारीवरील बहुतेक किडी यावरही येतात. भारतात रोपावस्थेतील खोडमाशी, तर अमेरिकेत २०१३ पासून ज्वारीवर पसरलेला उसावरील मावा या महत्त्वाच्या किडी आहेत. माव्याच्या चिकट स्रावामुळे वैरण खराब होते आणि यंत्रांत अडकते.

## कापणी

पेरणीनंतर साधारण ४५ ते ६० दिवसांत, पीक सुमारे एक मीटर उंच असताना किंवा पोटरीत येताना पहिली कापणी करतात. कोवळ्या पिकात प्रथिने अधिक असतात, पण एकूण उत्पन्न कमी मिळते व विषारी घटकांचा धोका असतो. निसवल्यानंतर उत्पन्न वाढते, तथापि धाटे काष्ठमय होऊन पचनीयता व प्रथिने घटतात. पोटरीची अवस्था हा या दोहोंतील मध्य मानला जातो.

कापताना १५ ते २० सेंटिमीटर उंचीचे खुंट राखतात. याची कारणे तीन आहेत :

- नवे फुटवे खुंटावरील पेऱ्यांजवळच्या डोळ्यांतून व बुडख्यातून येतात. जमिनीलगत कापल्यास फूट मंद व विरळ होते.
- नायट्रेटचे प्रमाण धाटाच्या खालच्या भागात सर्वाधिक असते. तो भाग शेतात राहिल्याने वैरण अधिक सुरक्षित होते.
- कापलेला चारा खुंटांवर उचललेला राहून त्याखालून हवा खेळते.

अनुकूल हवामानात सुमारे चार ते पाच आठवड्यांनी पुढील कापणी मिळते. हंगामात दोन किंवा तीन कापण्या होतात.

## वाळवण व साठवण

या पिकाची वैरण करण्यातील मुख्य अडचण म्हणजे पाने व धाटे यांच्या वाळण्यातील तफावत. पाने एक-दोन दिवसांत कोरडी होतात, तर रसदार धाटांतील ओलावा अनेक दिवस टिकतो. धाटे वाळेपर्यंत थांबल्यास पाने चुरून गळतात. न थांबल्यास आतील ओलावा वैरणीत अडकतो. यासाठी कापणीबरोबरच धाटे रुळांमध्ये चेपून फोडणारी यंत्रे वापरतात. चेपल्याने धाटाचे मेणचट आवरण तडकते व वाळण्याचा काळ लक्षणीय कमी होतो.

वैरणीत ओलावा सुमारे १८ टक्क्यांपेक्षा कमी झाल्यावर लहान गठ्ठे बांधतात. मोठ्या गठ्ठ्यांसाठी तो १५ टक्क्यांच्या आसपास असावा लागतो. अधिक ओलाव्याच्या गठ्ठ्यांत सूक्ष्मजीवांच्या क्रियेने उष्णता निर्माण होते, बुरशी येते आणि क्वचित गंजी आपोआप पेटते. वाळण्याइतकी कोरडी हवा नसलेल्या प्रदेशांत याच पिकाचा मुरघास करणे अधिक सोयीचे ठरते. कॅलिफोर्नियातील इम्पीरियल खोऱ्यात हवा अत्यंत कोरडी व पाणी कालव्याचे असल्याने तेथे सुदान गवताची बारीक धाटांची वैरण तयार होते व तिची जपानला निर्यात होते.

## जनावरांतील विषबाधा

### हायड्रोसायनिक आम्ल

ज्वारीवर्गीय झाडांत धुरीन हे ग्लुकोसाइड असते. धुरीन आणि त्याचे विघटन करणारे विकर पानाच्या वेगवेगळ्या पेशींत साठवलेले असल्याने निरोगी पानात विष तयार होत नाही. चावल्याने, तुडवल्याने, कोमेजल्याने किंवा कडाक्याच्या थंडीत पेशी फुटल्याने दोहोंचा संयोग होऊन हायड्रोसायनिक आम्ल मुक्त होते. ते पेशींची ऑक्सिजन वापरण्याची क्रिया रोखते. जनावराला धाप लागते, ते थरथरते, कोसळते व काही मिनिटांतही मरू शकते. रक्तात ऑक्सिजन असूनही तो वापरला न गेल्याने रक्त गडद लालभडक दिसते. पशुवैद्यक यावर सोडियम नायट्राइट व सोडियम थायोसल्फेट शिरेतून देतात.

धुरीन कोवळ्या पानांत व नव्या फुटव्यांत सर्वाधिक असते. म्हणून पीक किमान ४५ ते ६० सेंटिमीटर उंच होईपर्यंत त्यात जनावरे सोडत नाहीत. ताणाने खुरटलेले पीक, दहिवर पडलेले पीक आणि त्यानंतर बुडातून आलेली फूट विशेष धोक्याची असते. महाराष्ट्रात पावसाने ओढ दिल्यावर खुरटलेली कोवळी ज्वारी खाल्ल्याने होणाऱ्या अशा विषबाधेला ‘किराळ लागणे’ म्हणतात.

हायड्रोसायनिक आम्ल बाष्पनशील आहे. त्यामुळे कापणीनंतर उन्हात चांगल्या वाळलेल्या वैरणीत त्याचे प्रमाण सामान्यतः धोकादायक राहत नाही.

### नायट्रेट

मुळांनी शोषलेल्या नायट्रेटचे झाडात प्रथिनांत रूपांतर होते. अवर्षण, ढगाळ हवा किंवा थंडी यांमुळे हे रूपांतर मंदावले, तर नायट्रेट धाटात साठते. रवंथ करणाऱ्या जनावरांच्या कोठीपोटातील सूक्ष्मजीव नायट्रेटचे प्रथम नायट्राइटमध्ये व नंतर अमोनियात रूपांतर करतात. नायट्रेट प्रमाणाबाहेर असल्यास नायट्राइट साचून रक्तात जाते आणि हिमोग्लोबिनचे ऑक्सिजन वाहून न नेणाऱ्या मेटहिमोग्लोबिनमध्ये रूपांतर करते. रक्त चॉकलेटी तपकिरी होते. गाभण जनावरांत गर्भपात संभवतो. पशुवैद्यकीय उपचारांत मिथिलीन ब्लू वापरतात.

कोरड्या वजनावर ०.५ टक्क्यापेक्षा कमी नायट्रेट असलेली वैरण समतोल आहारात सामान्यतः सुरक्षित, तर १ टक्क्याहून अधिक नायट्रेट असलेली धोकादायक समजली जाते. नायट्रेट उन्हाने उडून जात नाही. अनेक महिने साठवलेल्या वैरणीतही ते टिकते. मुरघासात आंबण्याच्या क्रियेमुळे त्याचा काही अंश घटतो. खबरदारीचे मुख्य उपाय पुढीलप्रमाणे आहेत :

- दीर्घ ताणानंतर पाऊस पडल्यास लगेच कापणी न करता किमान एक आठवडा थांबणे.
- उंच खुंट राखून कापणी करणे.
- निरनिराळ्या गठ्ठ्यांच्या आतून नमुने घेऊन प्रयोगशाळेत तपासणी करणे.
- अधिक नायट्रेटची वैरण इतर चाऱ्यात मिसळून देणे, धान्ययुक्त खुराकाची जोड देणे व उपाशी जनावरांपुढे ती एकदम न टाकणे.

### घोडे

ज्वारी व सुदान गवताच्या कुरणात चरणाऱ्या घोड्यांत मूत्राशयाचा दाह आणि मागील पायांची कमजोरी असा विकार आढळला आहे. म्हणून हे पीक घोड्यांसाठी योग्य मानले जात नाही.

## भारतातील लागवड

भारतात सुदान गवताच्या संकरातून बहुकापणीचे चारा-वाण तयार करण्यात आले आहेत. हिसार येथील हरियाणा कृषी विद्यापीठाचा ‘एसएसजी ५९-३’ हा वाण ‘मीठी सुदान’ या नावाने उत्तर भारतात प्रसिद्ध आहे. कोइम्बतूर येथील तमिळनाडू कृषी विद्यापीठाचा ‘सीओएफएस-२९’ हा वाणही ज्वारी व सुदान गवत यांच्या संकरातून आलेला आहे.

महाराष्ट्रात ज्वारीचा चारा दोन रूपांत वापरात आहे : हिरवे कापले जाणारे ‘कडवळ’ आणि कणसे खुडल्यावर उरणारा ‘कडबा’. ज्वारी-सुदान गवताची वाळवलेली वैरण कडब्याहून भिन्न आहे. कडबा हा धान्य पिकल्यानंतरचा अवशेष असल्याने त्यात प्रथिने अल्प असतात. ज्वारी-सुदान गवत मात्र दाणे भरण्यापूर्वीच कापले जाते. कडब्यासाठी धाटे आपोआप पक्व व कोरडी होतात, तर या पिकात ती रसदार असतानाच वाळवावी लागतात. पावसाळी हवेत असे वाळवण कठीण असते. त्यामुळे खरिपातील बहुकापणीची ज्वारी प्रामुख्याने हिरवी किंवा मुरघास करून खाऊ घालतात.

## इतर उपयोग

ज्वारी-सुदान गवत हे हिरवळीचे खत व आच्छादन पीक म्हणूनही घेतले जाते. त्याच्या मुळांतून स्रवणारे सॉर्गोलिओन हे द्रव्य अनेक लहान बियांच्या तणांची वाढ रोखते. वाढ ऐन भरात असताना कापून जमिनीत गाडल्यास सूत्रकृमींच्या काही प्रकारांना आळा बसतो. वरून कापणी केल्यावर मुळे अधिक खोल जातात व घट्ट झालेली जमीन मोकळी होण्यास मदत होते.

## हे सुद्धा पहा

- ज्वारी
- कडबा
- मुरघास
- चारापिके