सुट्या भागांचे मोल

हिऱ्याच्या धंद्यात कच्च्या खड्याची किंमत त्याच्या आजच्या रूपावरून ठरत नाही. पैलू पाडून झाल्यावर काय उरेल, यावरून ती ठरते. सुरतेचे कतारगाम एके काळी उंधियूत पडणाऱ्या पापडीसाठी नावाजलेले होते. पुढे तेथे हिऱ्यांच्या घंट्या फिरू लागल्या आणि हा हिशेब रत्नकलाकारांच्या घरोघरी परिचयाचा झाला. गोल हिरा घडवताना कच्च्या वजनाचा निम्मा भाग, कित्येकदा त्याहूनही अधिक, भुकटी होऊन जातो. म्हणून जाणता व्यापारी दिसते त्याचे पैसे देत नाही, उरेल त्याचे देतो. एखादी जुनी मोटारसायकल नटबोल्टांसह पोत्यात भरून विक्रीला निघते, तेव्हाही हाच नियम लागू पडतो. फरक एवढाच की, हिऱ्याचा पूर्वेतिहास ठाऊक नसला तरी त्याचा भाव करता येतो. यंत्राचा करता येत नाही.

वस्तुतः सुटी गाडी ही या देशाला नवी गोष्ट नव्हे. मुंबईत शिवडीला जनरल मोटर्सने 1928 मध्ये जुळणीचा कारखाना काढला, तेव्हा परदेशाहून पेट्यांतून आलेले भाग तेथे जोडून मोटारी तयार होत. 1955 मध्ये मद्रासला एनफील्ड इंडियाचा आरंभ झाला, तोही इंग्लंडमधील रेडिचहून आलेल्या भागांच्या जुळणीनेच. पण त्या पेट्यांतील गाडी सुटी असली तरी अपुरी नव्हती. प्रत्येक भागाची यादी होती आणि जोडणारा कारागीर ती यादी जाणत होता. पोत्यातील गाडीला यादी नसते. तेव्हा मोल करणाऱ्याचे पहिले काम, मालकाच्या शब्दावर न विसंबता, ती यादी स्वतः करणे हे होय.

यादीत काय नाही, हे कळल्यावर दुसरा प्रश्न येतो: नसलेले मिळेल काय? याचे उत्तर कारखान्यांच्या इतिहासात आहे. रेडिचचा कारखाना 1967 मध्ये बंद पडला. परंतु मद्रासेत बुलेट तयार होतच राहिली. त्यामुळे जुन्या बुलेटचे कितीतरी भाग आजही बाजारात सापडतात. जावाची गोष्ट निराळी. म्हैसूरचा आयडियल जावाचा कारखाना 1961 मध्ये चालू झाला, 1973 पासून त्याच्या गाड्या येझदी या नावाने येऊ लागल्या आणि 1996 मध्ये तो कायमचा बंद झाला. 2018 मध्ये जावा हे नाव बाजारात परत आले खरे. पण त्या गाडीचे इंजिन सर्वस्वी वेगळे असल्याने तिचे भाग जुन्या जावाला उपयोगी नाहीत. एका सिलिंडरला दोन सायलेन्सर आणि किक व गिअर यांना एकच दांडा, ही त्या जुन्या गाडीची ओळख. असे खास भाग हरवलेले असतील, तर किंमत झपाट्याने उतरते. त्यातही क्रँककेसचे दोन अर्ध जोडीनेच कोरलेले असतात. एक अर्ध एका इंजिनाचे व दुसरे दुसऱ्याचे निघाले, तर वरवर पूर्ण दिसणारे इंजिनही अपुरेच समजावे.

तिसरी कसोटी कागदांची. इंजिनावरचा आणि चॅसीवरचा क्रमांक नोंदणीपुस्तकाशी जुळला पाहिजे. 1 मे 1960 पूर्वी सुरत मुंबई राज्यात होती. सबब त्या काळच्या कागदांवर मुंबई राज्याचे नाव दिसले, तर दचकण्याचे कारण नाही. 2021 च्या केंद्रीय नियमांनी पहिल्या नोंदणीला 50 वर्षांहून अधिक काळ झालेल्या गाड्यांसाठी वेगळी नोंदणी आणली. तिचे शुल्क 20,000 रुपये आणि मुदत 10 वर्षे. पण अट अशी की, गाडी मूळ स्वरूपात असावी. चॅसीत वा इंजिनात मोठा फेरफार झालेला नसावा. म्हणजे परके इंजिन बसवलेला सांगाडा ही केवळ आवडीनिवडीची बाब राहत नाही, तो कायद्याचा अडसर ठरतो.

सुरतेत चौथा प्रश्नही विचारला पाहिजे: 2006 च्या ऑगस्टमध्ये ही गाडी कोठे होती? त्या महिन्यात तापीच्या पुराने शहराचा फार मोठा भाग पाण्याखाली गेला. पाणी ओसरले, तरी गाळ बेअरिंगांत व क्रँकमध्ये राहतो आणि गंज वर्षानुवर्षे आपले काम करीत असतो. वरून रंग दिलेल्या पत्र्यापेक्षा हाताने फिरवून पाहिलेला क्रँक अधिक खरे बोलतो.

आता हिशेब. समजा, त्याच नमुन्याची चालू व कागदांसह असलेली गाडी 1,50,000 रुपयांना जाते. रंग, मुलामा, बोअर, टायर व मजुरी यांना 55,000 आणि हरवलेल्या भागांना 20,000 लागतील, तर उरतात 75,000. न उघडलेल्या इंजिनात काय दडले आहे, हे कोणीच जाणत नाही. त्या जोखमीपोटी एक तृतीयांश वजा केला, तर 50,000 येतात. ही वाजवी किंमत. इंजिन उघडून निर्दोष ठरले, तर ती 75,000 कडे सरकेल. कागद नसतील, तर मात्र हा सारा हिशेब कोसळतो आणि केवळ सुट्या भागांची बेरीज उरते.

विकणारी बहुधा कोणा दिवंगताची मुले असतात. भंगारवाला सव्वाशे किलो लोखंडाचा भाव सांगतो, तर ऐकीव बातम्या लाखांचे आकडे सांगतात. पहिल्या भावाने गाडी वितळते. दुसऱ्याच्या आशेने ती पोत्यातच गंजते. दोन्ही वाटांनी यंत्र नाहीसे होते आणि कुटुंबाच्या हाती काही येत नाही. वाजवी किंमतीचे महत्त्व यात आहे. तिने विकणारा नागवला जात नाही, घेणारा अर्ध्यावर काम टाकत नाही, आणि एका बंद पडलेल्या कारखान्याची कारागिरी पुन्हा एकदा रस्त्यावर येऊ शकते.