चाळीस मायक्रॉनांची शिदोरी

प्रस्तावना

दिवाळीनंतर दारव्ह्यात कापसाची वाहनं येऊ लागली की गावातल्या प्रत्येक चारचाकीवर धुळीचा थर बसतो. यवतमाळकडून या, दिग्रसकडून या की कारंज्याकडून, थर तोच. सकाळी मालक बाहेर येतो, डिकीतलं फडकं काढतो आणि पाणी न लावता बॉनेटवरून फिरवतो. गाडी पुन्हा काळीभोर दिसते. हे तो प्रेमाने करतो, आणि गाडीच्या रंगाचं सर्वांत जास्त नुकसान याच प्रेमाने होतं. पॉलिशचं मशीन हातात घेण्याआधी हे समजून घ्यायला हवं, म्हणून सुरुवात फडक्यापासून करतो.

आपल्या काळ्या मातीची धूळ बोटांत चोळली तर पिठासारखी लागते. पण ही माती बेसाल्टची झीज होऊन झालेली आहे आणि तिच्यात त्या दगडाच्या बारीक कण्या असतात. बेसाल्टमधल्या फेल्डस्पार आणि पायरॉक्सिन या खनिजांचा कठीणपणा मोह्सच्या मापावर सहाच्या आसपास आहे. रस्त्यावरच्या मुरमात गारगोटी असेल तर ती सात. गाडीची काच साडेपाचच्या आसपास. आणि रंगावरचा पारदर्शक थर तर एक प्रकारचं प्लास्टिक, काचेपेक्षा पुष्कळ मऊ. कोरड्या फडक्याखाली कणी सापडली की ती रेघ ओढणारच.

त्या रेघा पाहायच्या असतील तर रात्री बसस्टँडच्या दिव्याखाली उभी असलेली एखादी काळी गाडी बघा. दिव्याच्या प्रतिबिंबाभोवती कोळ्याच्या जाळ्यासारखी गोल गोल वलयं दिसतील. बहुतेकांना वाटतं की फडकं गोल फिरवल्यामुळे रेघाही गोल उमटल्या. तसं नसतं. रेघा सगळ्या दिशांनी असतात. पण दिव्याचा प्रकाश डोळ्यापर्यंत पोचवतात त्या फक्त प्रतिबिंबाभोवती आडव्या पडलेल्या रेघा. बाकीच्या त्या क्षणी अदृश्य राहतात. तुम्ही दोन पावलं सरका, वलयंही तुमच्याबरोबर सरकतील. ही साधी गोष्ट मला कळली तेव्हा या कामाकडे पाहण्याची माझी नजरच बदलली. दुपारच्या पसरट उजेडात स्वच्छ वाटणारं दार रात्री टॉर्चसमोर वेगळंच बोलतं. म्हणून या पुस्तिकेत टॉर्चला मशीनइतकाच मान दिला आहे.

आता रंगाबद्दल. एके काळच्या गाड्यांवर पारदर्शक थर नसे. सोलापुरात जन्मलेल्या वालचंद हिराचंद यांनी १९४४ मध्ये स्थापन केलेल्या प्रीमियर ऑटोमोबाइल्सची पद्मिनी ज्यांनी घासली असेल, त्यांना आठवत असेल की पॉलिश करताना फडक्यावर गाडीचाच रंग यायचा. वर रंग, खालीही रंग. थोडा गेला तरी खालचा तसाच असे. आजची रचना वेगळी आहे. पत्र्यावर प्रथम गंज रोखणारा लेप, त्यावर प्रायमर, त्यावर रंगाचा अगदी पातळ थर आणि सर्वांत वर पारदर्शक क्लिअर कोट. कारखान्यातून आलेल्या गाडीवर हे सगळं मिळून साधारण १०० ते १५० मायक्रॉन भरतं. त्यात क्लिअर कोटचा वाटा ३५ ते ५० मायक्रॉन, म्हणजे माणसाच्या केसाच्या जाडीपेक्षाही कमी. चमक त्याची, उन्हातल्या अतिनील किरणांपासून बचावही त्याचाच. मी हिशेबाला सोपं जावं म्हणून चाळीस धरतो. गाडीच्या सगळ्या आयुष्यासाठी बांधून दिलेली ही चाळीस मायक्रॉनांची शिदोरी आहे. वाटेत कुठे भरून मिळत नाही.

लोक येतात आणि म्हणतात, ‘जरासं रबिंग मारून द्या नं जी.’ त्यांच्या मनात चित्र असतं ते काहीतरी चोपडण्याचं. प्रत्यक्षात रबिंग म्हणजे काढणं. सहाणेवर चंदन उगाळताना खोड जसं झिजतं तसं. फरक एवढाच की इथे सहाण फिरते आणि खोड स्थिर असतं, पण उगाळलं तेवढं गेलं हा नियम तोच. रेघ भरली जात नाही. तिच्या दोन्ही बाजूंचा पृष्ठभाग तिच्या तळाच्या पातळीवर आणला जातो, किंवा निदान तिचे काठ इतके बोथट केले जातात की प्रकाश तिथे अडखळत नाही.

हा प्रश्न दिसतो त्याहून जुना आणि खोल आहे, आणि तो मला फार प्रिय आहे. चकचकीत म्हणजे नेमकं काय? न्यूटनने १७०४ च्या आपल्या प्रकाशशास्त्रावरील ग्रंथात याचा विचार केला होता. वाळू आणि तत्सम चूर्णांनी काच घासली की तिचा खडबडीतपणा नाहीसा होत नाही. चरे फक्त डोळ्याला दिसणार नाहीत इतके बारीक होतात, असं त्याचं म्हणणं. विसाव्या शतकाच्या सुरुवातीला जॉर्ज बेल्बी यांनी वेगळी मांडणी केली: घासताना वरचा थर जणू वितळल्यासारखा वाहतो आणि खळगे झाकून टाकतो. पुढे १९३७ मध्ये बाउडन आणि ह्यूज यांनी दाखवलं की धातू घासताना घासणाऱ्या पदार्थाचा वितळणबिंदूही महत्त्वाचा ठरतो. त्यानंतर लेनर्ड सॅम्युअल्स यांनी धातूंवर काम करून बारीक चऱ्यांचा, म्हणजे काढण्याचा विचार पुन्हा भक्कम केला. घर्षण आणि झीज यांच्या अभ्यासाला स्वतंत्र इंग्रजी नाव तर १९६६ मध्ये पीटर जोस्ट यांच्या अहवालातून मिळालं. दारव्ह्यातल्या एखाद्या अंगणात बॉनेटवर वाकलेला माणूस या प्रश्नाच्या आतच उभा असतो. पॉलिशमधल्या अॅल्युमिनियम ऑक्साइडच्या कण्या आधी मोठे चरे काढतात, मग त्यांच्याहून बारीक चरे मागे ठेवतात, आणि ते चरे डोळ्याच्या आवाक्याबाहेर गेले की आपण त्याला आरसा म्हणतो. न्यूटनचं उत्तर आपल्या कामापुरतं अजून पुरतं.

मशीनबद्दल नवशिक्यांच्या मनात भीती असते. ती पूर्ण घालवायची माझी इच्छा नाही, पण ती योग्य जागी असावी. गॅरेजमध्ये दिसतं ते रोटरी मशीन एकाच अक्षाभोवती गरगर फिरतं. एका जागी थांबलं की उष्णता साठते आणि क्लिअर कोट बघता बघता जळतो. दुसऱ्या प्रकारात, ज्याला डीए म्हणतात, पॅड स्वतःभोवती फिरतो आणि त्याच वेळी केंद्रापासून थोडा सरकून झुलतोही. हा झोल ८, १५ किंवा २१ मिलिमीटर असा असतो. दाब जास्त पडला की त्याचं फिरणं मंदावतं किंवा थांबतं. चूक करणाऱ्याला ते सावध करतं, म्हणून घरी शिकणाऱ्याने डीएच घ्यावं असं माझं ठाम मत आहे.

मी स्वतः सुरुवात रोटरीवर केली. घरच्या पांढऱ्या गाडीच्या दारावर एक उठावाची घडी होती. तिथे क्लिअर कोट मुळातच पातळ असतो हे मला माहीत नव्हतं. दोन-तीन फेऱ्यांत घडीवर करंगळीएवढी निस्तेज पट्टी उमटली. तिथला थर संपला होता. त्या पट्टीवर पुढे कोणतंही मेण टिकलं नाही. आजही कुठल्याही दाराची कड आली की मी आधी टेप लावतो आणि मगच मशीन सुरू करतो.

मशीनच्या आधी मात्र दोन कामं आहेत, आणि माझ्या मते अर्धी विद्या त्यांतच आहे. पहिलं धुणं. आपल्याकडे बहुतेक घरी बोअरचं पाणी, आणि ते जड. गाडीवर उन्हात वाळलं की कॅल्शियम-मॅग्नेशियमचे पांढरे ठिपके मागे राहतात. ते नंतर घासून काढणं म्हणजे पुन्हा शिदोरीला हात घालणं. म्हणून सावलीत धुवावं आणि पाणी वाळण्याआधी जाड मायक्रोफायबरने टिपून घ्यावं. कपड्यांची पावडर नको, आधी लावलेलं मेण तिने उतरतं.

दुसरं काम हाताने पाहण्याचं. पोळ्याच्या आदल्या दिवशी बैलाची खांदशेकणी करणारा शेतकरी हळद-तूप लावण्याआधी जुवाखालच्या कातडीवरून तळवा फिरवतो, कुठे खरबरीत आहे, कुठे दुखतं ते बघतो. धुतलेल्या गाडीवरही असाच तळवा फिरवायचा, मात्र हातात पातळ प्लास्टिकची पिशवी घालून. पिशवीमुळे खरखर कितीतरी पटींनी स्पष्ट जाणवते. ती खरखर म्हणजे डांबराचे थेंब, ब्रेकमधून उडालेली लोखंडाची कणी, झाडाखाली पडलेला चिकट द्रव. ती क्ले नावाच्या मळलेल्या कणकेसारख्या गोळ्याने, भरपूर ओलावा ठेवून, काढता येते. तसंच पॅड फिरवलं तर तीच घाण रंगावर घासली जाते.

मशीनचा क्रम, पॅडची निवड, दीड फूट चौरसाचा भाग घेऊन सावकाश आडव्या-उभ्या फेऱ्या कशा घालायच्या, हे पुढच्या प्रकरणांत सविस्तर येईल. इथे दोनच गोष्टी सांगतो. सर्वांत सौम्य पॉलिश आणि सर्वांत मऊ पॅड घेऊन हातभर जागेवर आधी प्रयोग करा. तेवढ्याने काम होत असेल तर पुढे जाऊ नका. आणि निकाल लगेच खरा मानू नका. काही पॉलिशमधलं तेल चऱ्यांत बसून त्यांना झाकतं. पाण्यात मिसळलेल्या आयसोप्रोपिल अल्कोहोलने तो भाग पुसा, टॉर्च तिरपा धरा, मग ठरवा. खोल ओरखडा, ज्यात नख अडकतं, तसाच राहू द्या. तो काढायला जितका थर खर्चावा लागतो तितका आपल्यापाशी नसतो. कुठल्या भागाला पूर्वी पुट्टी मारून पुन्हा रंग दिला असेल तर तिथली जाडी आणि मऊपणा दोन्ही वेगळे असतात. तिथे हा प्रयोग नव्याने करावा.

हंगामही पाहावा लागतो. मार्च ते जून आमच्याकडे पत्र्यावर हात टेकवत नाही, आणि तापल्या पत्र्यावर पॉलिश काम करण्याआधीच वाळून चिकटतं. पावसाळ्यात हवा दमट, चिखल अखंड. उरतात दसऱ्यानंतरचे महिने. पण पहाटे पत्र्यावर दव असतं आणि उन्हं चढली की धूळ उठते, त्यामुळे आठ ते अकरा ही वेळ मला सर्वांत बरी वाटते. शेड असेल तर उत्तम. नसेल तर घराची पश्चिमेची बाजू, जिथे दुपारपर्यंत सावली राहते.

संरक्षणाबद्दल बाजारात फार मोठे शब्द वापरले जातात. कार्नोबा हे ब्राझीलमधल्या एका ताडाच्या पानांवरचं मेण, ८२ ते ८६ अंशांना वितळणारं. त्याची झळाळी मला आवडते, पण आमच्या उन्हाळ्यात ते लवकर उतरतं. सिंथेटिक सीलंट जास्त टिकतं. सिरॅमिक कोटिंग सर्वांत जास्त. ते सिलिकाच्या कुळातलं आहे, धूळ-पाणी कमी धरतं, धुणं सोपं करतं. पण त्याची जाडी मायक्रॉन-दोन मायक्रॉनांच्या घरातली. डब्यावरचं ९एच हे पेन्सिलच्या शिशाने घेतलेल्या चाचणीचं माप आहे, मोह्सच्या मापावरचा नऊ, म्हणजे माणकाचा कठीणपणा, नव्हे. गिट्टी उडाली तर कोटिंगवरही खूण पडते, आणि कोरडं फडकं त्यावरही चालत नाही.

दसऱ्याला आपण गाडीची पूजा करतो. ती करूच. फक्त हळद-कुंकवाचं स्वस्तिक तसंच न ठेवता त्याच दिवशी भरपूर पाण्याने उतरवा, आणि झेंडूच्या हाराची तार रंगाला घासणार नाही अशी बांधा. बॉनेटवर पडलेली पक्ष्याची विष्ठा तर तासभरही राहू देऊ नका. तिच्यातलं आम्ल उन्हात क्लिअर कोटवर खड्डा पाडतं. बाटलीत पाणी, स्वच्छ कापड, दोन मिनिटं काम.

ही पुस्तिका लिहिताना माझ्यासमोर वाचक होता तो असा: पहिली गाडी घेतलेली, हप्ते चालू, आणि रविवारची सकाळ मोकळी. महागडी उपकरणं त्याच्याकडे नसतील हे धरूनच लिहिलं आहे. एक डीए मशीन, तीन पॅड, दोन प्रकारचं पॉलिश, टेप, टॉर्च आणि डझनभर मायक्रोफायबर एवढ्यावर पुढचं सगळं करता येतं. ज्यांना जाडी मोजण्याचं यंत्र मिळेल त्यांनी जरूर वापरावं. ज्यांना मिळणार नाही त्यांनी प्रत्येक वेळी आपण किती फेऱ्या मारल्या, कोणत्या पॅडने, कुठे, हे वहीत लिहावं. तारीख टाकून. पाच वर्षांनी गाडीच्या छतावर पुन्हा मशीन चालवावं की नाही याचं उत्तर त्या वहीतच मिळेल.

आज रात्री टॉर्च घेऊन गाडीभोवती एक फेरी मारा आणि दिसेल ते त्या वहीच्या पहिल्या पानावर टिपा. पहिलं प्रकरण धुण्याचं आहे. त्यासाठी बादल्या दोन लागतील, एक साबणाच्या पाण्याची आणि एक नुसतं कापड खळबळायची.